ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळे घरी पण डोकं शांत राहत नाही, नोटिफिकेशन बंद केलं की जास्तच धास्ती वाटते. काय करावं?

धास्ती वाटणारच ओ. मी असं सव्वा वर्ष काढलंय म्हणून सांगतोय. लोक तुम्हाला प्राणायाम सांगतील, डिजिटल डिटॉक्स सांगतील, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपा म्हणतील. मी ठेवला. रात्री दोनदा उठून हॉलमधे जाऊन बघून यायचो. खिशात फोन नसताना मांडीला थरथरल्यासारखं व्हायचं, जेवताना फोन पालथा ठेवायचो पण बायको म्हणायची तुमचं लक्ष ताटात कुठाय. तेव्हा हे मनाचे उपाय आहेत ते नंतर, आधी माझं ऐका.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, डिस्पॅचला होतो, तयार माल गाडीत घालून पाठवायचं काम. आमच्यात एकच ग्रुप, त्यातच गाड्या, त्यातच रिजेक्शनचे फोटो, त्यातच वाढदिवस आणि गुड मॉर्निंग. २०२३ ची चैत्र यात्रा. आमच्या गल्लीची सासनकाठी असते, मी दरवर्षी जातो, त्यामुळं आठ दिवस आधी रजेचा अर्ज देऊन सही घेतलेली. जोतिबाच्या डोंगरावर त्या दिवशी लाखो माणूस असतंय, फोन लागतच नाही. रात्री खाली उतरलो, केर्लीला रेंज आली आणि फोन एकदम थरथरायला लागला. हाताला गुलाल, स्क्रीनवर बोटाचे लाल ठसे उमटायलेत, तसाच ग्रुप उघडला. ६३ मेसेज. कुणीतरी पालखीचा फोटो टाकलेला आणि त्याखाली सगळ्यांचं चांगभलं, चांगभलं, चांगभलं. मी पण एक चांगभलं टाकलं आणि फोन खिशात ठेवला.

त्या चांगभलंच्या रांगेत मधेच नाईटच्या सुपरवायझरचा एक ओळीचा मेसेज होता. चाकणला निघालेली आमची गाडी खंबाटकी घाटात बंद पडली, माल दुसऱ्या गाडीत टाकलाय, नंबर हा हा, पार्ट बी करा.

डिस्पॅचवाल्यांना माहीत आहे, गाडी बदलली की ई-वे बिलाच्या, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाच्या, पार्ट बी मधे नवा नंबर टाकायलाच लागतोय, नाहीतर कागदावर एक गाडी आणि रस्त्यावर दुसरी. आणि झालं तेच. खेड शिवापूरच्या अलीकडं तपासणीला गाडी अडवली. सहा लाखाचं कास्टिंग (ओतीव माल), १८ टक्क्यांनी एक लाख आठ हजार टॅक्स, आणि २०२२ पासून दंड टॅक्सच्या दुप्पट आहे, म्हणजे दोन लाख सोळा हजार. माल दोन दिवस तिथंच.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमधे बोलावलं आणि सुपरवायझरच्या फोनवरचा स्क्रीनशॉट पुढं धरला. ज्यानं मेसेज टाकलाय त्याला मेसेज इन्फोमधे कुणी कधी वाचलं ते दिसतंय, आणि ब्लू टिक सेटिंगमधून बंद केली तरी ग्रुपमधे ती जातेच, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या नावापुढं १०:४७. "वाचलंयस की तू. दोन मिनिटाचं काम होतं." मी म्हटलं साहेब, रजेवर होतो. तर म्हणाले रजेवर चांगभलं टाकायला वेळ होता नव्हं. त्या वर्षी माझं इन्क्रिमेंट थांबवलं.

तिथून पुढं ते सव्वा वर्ष. देवळात, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत, मी प्रत्येक मेसेज वाचायचो, माझा असो नसो. न वाचलेलं परवडत नाही आणि वाचलं की अडकलो. तुमची धास्ती हीच आहे, पैजेवर सांगतो.

आता माझं म्हणणं. त्याच मेसेजखाली अकरा जणांची नावं होती. त्यात रात्री ड्यूटीवर असलेला माणूस होता ज्याच्याकडं ई-वे बिलाच्या पोर्टलचं लॉगिन होतं. साहेबांचं स्वतःचं नाव होतं, १०:४१ ला. सुपरवायझरनं मला नंतर सगळी यादी दाखवली, केबिनमधे दाखवलेल्या स्क्रीनशॉटमधे तेवढा वरचा भाग नव्हता. अकरा जणांनी वाचलं आणि प्रत्येकाला वाटलं दुसरा करेल. कारण कुणाचंच नाव घेतलेलं नाही. आणि अडलं होतं तर फोन करायचा होता की! रजेवरच्या माणसाला नको, ड्यूटीवरच्याला. एक कॉल.

आमच्याच फाउंड्रीत भट्टी कशी चालते बघा. शिफ्ट सुटताना मेल्टिंगचा माणूस रजिस्टरमधे लिहितो, पुढचा वाचून सही करतो, मग पहिला डबा उचलून घरी जातो आणि खरंच झोपतो. तापलेलं लोखंड सोडून माणूस निवांत झोपू शकतो आणि मी एका गाडीच्या नंबरासाठी जागा. का, तर भट्टीचा ताबा दिला घेतला जातो, ग्रुपवरचं काम कुणी कुणाला देतच नाही, नुसतं टाकतं. तो दोन मिनिटांचा हिशेब पण चुकीचा आहे. काम दोन मिनिटाचंच असतं, पण ते कधी येईल म्हणून आख्खी रात्र कानोसा घेत काढायची, ती कोण मोजणार? हेल्परला जादा तासाला डबल ओव्हरटाइम मिळतो, आम्ही स्टाफ म्हणून फुकट.

फ्रान्समधे जानेवारी २०१७ पासून ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या फोन-मेलबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करावीच लागतात. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून वेळेनंतरच्या फोनला उत्तर न द्यायचा हक्क आहे. आपल्याकडं सुप्रिया सुळेंनी २०१८ ला लोकसभेत असं खाजगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा काय झाला नाही. त्यामुळं कायद्याची वाट बघत बसू नका.

तुम्ही एवढंच करा. साहेबांना ग्रुप बंद करा म्हणू नका, ते बिथरतात. सरळ विचारा, रात्री आठनंतर कोण बघणार, आजचं नाव सांगा. आणि अर्जंट असेल तर कॉल करा, मेसेज मी सकाळी बघेन, हे ग्रुपवर लिहूनच टाका म्हणजे ते पण सगळ्यांनी वाचलेलं राहतंय. ग्रुप कायमचा म्यूट, कॉल चालू. मी आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला आहे, इथं गेटवर एक रजिस्टर ठेवलंय: गाडी नंबर, ड्रायव्हरचा मोबाईल, ई-वे बिल कधी संपतंय, आज रात्री कोण. चार रकाने.

ग्रुपच वाईट असं नाही हं. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता तेव्हा आमची नाईटची पोरं आत अडकलेली, त्याच ग्रुपवरून कोण कुठं आहे ते कळत होतं. आणि नवीन नोकरी असेल, डोक्यावर हप्ते असतील तर लगेच भिडू नका, आधी सोबतच्या दोघातिघांना धरून बोला. झोपच उडाली असेल तर डॉक्टरकडं जा, मी उशिरा गेलो.

मागच्या महिन्यात जुने साहेब एका लग्नात भेटले. हात मिळवला आणि म्हणाले, "पण वाचलं होतंस की तू." मी म्हटलं, तुम्ही पण, माझ्या आधी सहा मिनिटं.