पगार बरा, माणसं बरी, तरी पाय उचलत नाही

"मॅडम, तक्रार करावी असं काही नाही. तरी सकाळी कामावर जायला पाय उचलत नाही. मी आळशी झालेय का?"

समुपदेशनासाठी माझ्याकडे असं विचारणारे बरेच येतात. पण या बाई घाबरलेल्याही होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) डोळ्यांच्या दवाखान्यात त्या नऊ वर्षं तंत्रज्ञ आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याची लांबी मोजायची, त्यावरून आत बसवायच्या भिंगाची पॉवर काढायची, हे त्यांचं काम. आदल्या आठवड्यात उजव्या डोळ्याचं माप डाव्याच्या रकान्यात गेलं. सहकाऱ्याने पाहिलं म्हणून निभावलं. या मापात एक मिलिमीटर चुकला, तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने बदलतो. सांगताना रुमालाची घडी त्या सारखी घालत होत्या, मोडत होत्या.

मी आधी रजा सुचवली. चुकलंच माझं. आठ दिवस झोप काढून आल्या आणि पहिल्याच दुपारी पुन्हा तेच.

मग त्यांना कालचा दिवस सविस्तर सांगायला लावला. "हनुवटी टेका, लाल दिव्याकडे बघा, हलू नका. चला, पुढचे." दिवसभर एवढंच.

"त्या पेशंटचं पुढे काय होतं?"

"ऑपरेशन."

"आणि नंतर?"

त्या गप्प झाल्या. नऊ वर्षांत पट्टी सुटताना त्या एकदाही तिथे नव्हत्या. माप बरोबर आलं तर कुणी सांगायचं नाही. चुकलं की मात्र बोलावणं यायचं.

मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गने १९५९ मध्येच मांडलं होतं, की पगार आणि सहकारी ठीक असले की कुरकुर थांबते, पण कामाची गोडी त्याने लागत नाही. आपल्या कामाचं पुढे काय झालं हे कळणं, हा गोडीचा एक मोठा भाग. तोच इथे गायब होता.

वरिष्ठांकडे काय मागायचं ते आम्ही नेमकं ठरवलं: आठवड्यातली एक सकाळ पट्टी सोडण्याच्या खोलीत, आणि ऑपरेशननंतर चष्म्याचा नंबर पक्का झाला की तो वहीत, मापावरून आधी काढलेल्या अंदाजाशेजारी लिहायची मुभा. दुसऱ्या मागणीत दवाखान्याचाही फायदा होता, कारण अशाच नोंदींवरून भिंगाची पॉवर काढायच्या सूत्रातला स्थिरांक, म्हणजे ठरावीक आकडा, सुधारतात.

कामाचा बोजा किती, हेही मी विचारून घेतलं होतं. पेशंटची रांग संपत नाही आणि मशीनवर माणूस एकच, अशा ठिकाणी वहीचा सल्ला देणं ही थट्टा होईल. तिथे माणसंच वाढवायला हवीत.

दोन महिन्यांनी त्या वही घेऊन आल्या. "अंदाज उणे पाव, आला उणे अर्धा. हे बघा, पावाचाच फरक!" एका ओळीभोवती मात्र लाल वर्तुळ होतं. "हा चुकला. डोळा लांब होता. आता असा डोळा आला की माप परत घेते."

"आणि सकाळी पाय?"

"मंगळवारी उचलतो," त्या हसल्या. मंगळवारी पट्ट्या सुटतात.