एकच रेकॉर्डिंग, पण दोन बाजूंना वेगळं का दिसतं? खोटं कोण बोलतं?

तुम्ही विचारलंय की दोन वाड्यांतल्या भांडणाचा एकच व्हिडिओ दोन्हीकडच्यांनी पाहिला, तरी पहिला हात कोणी उचलला यावर एकमत होत नाही. मग खोटं कोण बोलतंय, आणि आपल्याकडून असं होऊ नये म्हणून काय करावं? पहिल्याचं उत्तर: बहुतेक कोणीच नाही. दुसऱ्याचं पुढे सांगतो, आधी माझ्या कॅसेटचं ऐका.

१९९६ साली गोव्यात फोंड्याकडच्या एका देवळात भजनी स्पर्धा होती. आमचं मंडळ डिचोलीचं, मी पेटीवर. समोर काणकोणचं मंडळ, आणि त्यांच्या पखवाजावर माझा मेव्हणा. माझ्या लग्नाला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. अभंग झाला, गौळण झाली, गजर झाला. निकाल लागला तेव्हा ते पहिले, आम्ही दुसरे. परीक्षकांचा शेरा: ‘गौळणीत तिहाईनंतर सम निसटली.’ म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून (ती तिहाई) तालाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर यायचं, ते चुकलं. निसटली? पखवाजापासून हातभर अंतरावर मी बसलो होतो. तिहाई सरळ समेवर येऊन बसली, झांजवाल्याची मान हलली आणि बुवांनी ध्रुपद (पालुपद) उचललं. शेरा लिहिणारा त्या वेळी चहा पीत असणार.

स्पर्धा आम्ही टेप केली होती. तेव्हापासून दरवर्षी चवथीला मेव्हणा आला की दुपारची जेवणं उरकून आम्ही माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या मंडपीखाली बसतो. मध्ये नेवऱ्यांचं ताट, बाजूला टेप. गौळण सुरू झाली की दोघांचीही बोटं मांडीवर मात्रा मोजायला लागतात. तिहाई येते. पहिला तुकडा, दुसरा, तिसरा. तो माझ्याकडे बघून हसतो, ‘‘आयकलें मरे, भावोजी? अर्दी मात्रा आदीं.’’ म्हणजे अर्धी मात्रा आधीच. आणि नेमक्या त्याच क्षणी मला सम आलेली स्वच्छ ऐकू येते. कॅसेट मागे फिरवायची, परत तेच. एकदा तर नेवऱ्या मऊ पडेपर्यंत आम्ही ती वीस सेकंदं ऐकत होतो. तो खोटारडा नाही, हे मला मान्य करावंच लागतं. माझ्या वडिलांच्या आजारपणात रात्र-रात्र जागलेला माणूस आहे. त्याला खरंच तसं ऐकू येतं.

असं होतं हे पुस्तकात वाचल्यावर मी जरा शांत झालो. १९५१ साली अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत फुटबॉलचा (त्यांचा, आपला नव्हे) एक धसमुसळा सामना झाला. प्रिन्स्टनच्या मुख्य खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोघांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सामन्याची तीच फिल्म दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथवाल्यांना दोन्ही संघांचे साधारण सारखेच दिसले, चारच्या आसपास. प्रिन्स्टनवाल्यांना मात्र डार्टमथचे सरासरी ९.८ दिसले आणि स्वतःचे ४.२. फिल्म एकच. १९५४ साली हे छापून आलं.

आणि ‘आपलं’ व्हायला गाव, जात, भाषा एवढंही लागत नाही. २०१२ सालच्या एका प्रयोगात लोकांना सांगितलं, त्रिकोण म्हणजे तू, वर्तुळ म्हणजे तुझा मित्र, चौकोन म्हणजे कोणी परका. आकृत्या अर्थात आलटून पालटून. पुढे पडद्यावर आकृती आणि नाव दाखवून जोडी बरोबर की चूक एवढंच विचारायचं. ‘तू’वाली जोडी लोक सगळ्यांत झटकन ओळखत. दोन मिनिटांपूर्वी मिळालेला त्रिकोण! मग मी तर पंधरा वर्षं त्या मंडळात पेटी वाजवली. एका कानातल्या बोलण्यावर लक्ष ठेवायला सांगून दुसऱ्या कानात हळूच स्वतःचं नाव घातलं, तर साधारण तिघांतल्या एकाला ते ऐकू येतं. हा प्रयोग १९५९चा. इतर शब्द तिथे वाहून जातात.

गोव्यात राहून याचं नवल वाटायला नको खरं तर. जानेवारी १९६७च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. आमचे आजोबा फुलाचे, मेव्हण्याचे दोन पानांचे. आमच्या घरात हा आकडा ‘फक्त चौतीस हजार’ असा ऐकत मी मोठा झालो, बायको ‘चौतीस हजार!’ असा.

आता काय करावं. नावं झाका, एवढाच खरा उपाय. ‘मी निष्पक्षपणे बघीन’ असं मनाशी ठरवून काहीही होत नाही. मेव्हणा दरवर्षी तेच ठरवून बसतो. परदेशातल्या ऑर्केस्ट्रांत वादक निवडताना तो दिसू नये म्हणून मध्ये पडदा लावतात, तसं झाकायचं. आमच्याकडे मुलीने हे करून पाहिलं. कॅसेटवर दोन्ही मंडळं आहेत. तिने मोबाईलवर चार तुकडे काढले, फक्त पखवाज-झांज वाजतो असे. कोणाचा कुठला ते सांगायचं नाही. मेव्हण्याने साफ नकार दिला: ‘‘म्हाका हात कळटा.’’ म्हणजे वाजवणाऱ्याचा हात तो ओळखतो म्हणे. अहो, मग तर झाकायला आणखी मोठं कारण झालं! मी ऐकले. एका तुकड्यात सम घसरली असं छातीठोक सांगितलं. तो आमचा निघाला. पण तो गजरातला होता, गौळणीतला नव्हे, त्यामुळे मूळ वादाशी त्याचा काही संबंध नाही.

तुमच्या व्हिडिओचंही तसंच करा. चेहरे आणि कपड्यांचे रंग झाकून तिसऱ्या गावच्या माणसाला दाखवा. आपल्या माणसाने नकार दिला तर तो का दिला ते त्यालाच विचारा. मी विचारलंय, अजून उत्तर नाही.

एक सांगायचं राहिलं. हे सगळीकडे लागू करू नका. हात खरोखर कोणीतरी आधी उचललेला असतोच, आणि ‘ज्याला जसं दिसतं तसं’ म्हणून ते सोडून देता येत नाही. शिवाय आमचा टेपरेकॉर्डर माझ्या पेटीला टेकून ठेवला होता, त्यामुळे पखवाज दबलाय आणि पेटीच जास्त ऐकू येते. मेव्हणा हे पहिल्यापासून सांगतो आणि त्यात तथ्य आहे. समेवरची झांज मात्र स्वच्छ ऐकू येते.