'ऋण चढ' म्हणजे उतारच ना?

प्रश्न असा आहे: दहावीच्या भूमितीत 'रेषेचा चढ' येतो. रेषा खाली जात असेल तर पुस्तक त्याला 'ऋण चढ' म्हणते. मराठीत 'उतार' हा सरळ शब्द असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला?

कानाला खटकते हे खरे. तरीही 'चढ'च ठेवावा असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण शब्दापेक्षा गणितात जास्त आहे.

बोलण्यातला चढ किंवा उतार जाणाऱ्याच्या दिशेवर ठरतो. बोरघाटातल्या रेल्वेमार्गाचा तीव्र चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना १ मीटर वर. त्यासाठीच कर्जतला गाडीला मागून जास्तीची इंजिने जोडतात. रेल्वेवाले त्यांना 'बँकर' म्हणतात. पुण्याहून मुंबईला येणाऱ्याला मात्र तोच मार्ग उतार. रूळ तेच, ३७ ला १ हेही तेच, शब्द तेवढा बदलला.

रेषेच्या बाबतीत असे होत नाही. एका रेषेवर (२, ८) आणि (६, ०) हे दोन बिंदू घ्या. पहिल्याकडून दुसऱ्याकडे गेलात तर उंचीतला फरक −८, आडवा फरक ४, आणि भागाकार, म्हणजेच चढ, −२. आता उलटे या: उंचीतला फरक ८, आडवा फरक −४; भागाकार पुन्हा −२. अंश आणि छेद दोघांचीही चिन्हे एकदम पालटतात, म्हणून उत्तर हलत नाही. वर्गात 'पहिला बिंदू कोणता घ्यायचा?' असे मुले विचारतात, त्याचे उत्तर हेच: कोणताही घ्या, फक्त अंशात आणि छेदात क्रम एकच ठेवा. हा चढ रेषेचा आहे, तिच्यावरून चालणाऱ्याचा नाही. ऋण चिन्ह एवढेच सांगते की क्ष वाढला की य कमी होतो.

बीजगणितात तर टेकडीही उरत नाही. टाकीत १००० लिटर पाणी आहे आणि मिनिटाला २० लिटर बाहेर जाते. क्ष मिनिटांनी उरलेले पाणी य लिटर धरले, तर य = १००० − २०क्ष, आणि या रेषेचा चढ −२०. 'उतार २०' असे लिहिले तर चिन्ह शब्दात लपले आणि समीकरणात घालताना विसरले जाण्याची सोय झाली. शिवाय भरणाऱ्या टाकीला एक शब्द आणि रिकाम्या होणाऱ्या टाकीला दुसरा, असे करत बसावे लागेल. खरे तर इथे चढाला रोजच्या मराठीत आणखी नेमका शब्द आहे: दर. मिनिटाला किती, किलोमीटरमागे किती, हे विचारणारा प्रत्येक जण चढच विचारत असतो.

हिंदीत गंमत उलटी आहे. तिथल्या पाठ्यपुस्तकात 'रेखा की ढाल' असते, म्हणजे शब्दाचा ओढा खाली, आणि वर जाणाऱ्या रेषेची 'ढाल' धन! आपल्या गवंड्यांचा 'ढाळ' त्याच वळणाचा. न्हाणीघराच्या फरशीला मोरीकडे ढाळ काढतात. तिथे पाणी खालीच जायचे असल्याने चिन्हाची भानगड नाही. 'कल' हा शब्दही काही जण सुचवतात. तो मला कोनासाठी बरा वाटतो, गुणोत्तरासाठी नाही. कारण दोन्ही एका चालीने वाढत नाहीत: चढ १ असेल तर रेषेचा आडव्या अक्षाशी कोन ४५ अंश, पण चढ दुप्पट केला तर कोन ९० होत नाही, साधारण ६३.४ अंशांवरच थांबतो. १०० टक्के चढ (म्हणजे चढ १) हा उभा कडा असे पुष्कळांना वाटते, ते याच गोंधळातून.

'चढ' या शब्दाची खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. 'या रस्त्याला चढ नाही' असे आपण म्हणतो तेव्हा रस्ता सपाट असतो. गणितात सपाट रेषेला चढ असतो. तो ० असतो. चढ नसतो तो उभ्या रेषेला, कारण तिथे आडवा फरक ० आणि ०ने भागता येत नाही. म्हणजे बोलीतले 'चढ नाही' आणि गणितातले 'चढ नाही' बरोबर काटकोनात! म्हणून उत्तरपत्रिकेत हे दोन शब्द टाळावेत. आडव्या रेषेसाठी 'चढ ० आहे' आणि उभ्या रेषेसाठी 'चढ ठरवता येत नाही' असे पूर्ण लिहावे.