मन स्थिर आहे, मग शरीर का साथ देत नाही?

"गोळ्यांनी मन ताळ्यावर आले, पण शरीर बिघडले, आता गोळ्या बंद केल्या तर चालेल का?" बायपोलर विकार, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य येणारा मनाचा आजार, असलेल्या व्यक्ती आणि त्यांच्या घरचे लोक हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत वारंवार विचारतात. नुसत्या 'हो' किंवा 'नाही'ने त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून चाळिशीतल्या एका बाईंची हकिगत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे सांगते.

गेली काही वर्षे त्यांचा विकार लिथियम आणि ओलान्झापाइन या औषधांनी आटोक्यात होता. पूर्वी उन्मादाच्या काळात त्या रात्र रात्र जागत, हाती येईल तो पैसा उधळत आणि नंतरच्या नैराश्यात कित्येक आठवडे अंथरूण सोडत नसत. आता तसे काहीच घडत नव्हते आणि नोकरीही नीट चालू होती. तरीही त्या माझ्याकडे आल्या तेव्हा वजन बरेच वाढलेले होते, दुपारनंतर डोळे उघडे ठेवणे अवघड जात होते आणि पुन्हा डिप्रेशन सुरू झाले आहे, असे घरातल्यांनी ठरवूनच टाकले होते. "मॅडम, हिला आता कशातच रस राहिला नाही," असे त्यांचे यजमान म्हणाले. त्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "रस आहे हो. बहिणीकडे जावंसं वाटतं, फिरायला जावंसं वाटतं. पण चप्पल पायात सरकवेपर्यंतच जीव थकून जातो."

नैराश्यात बहुतेक वेळा इच्छाच मावळते. येथे इच्छा शाबूत होती आणि शरीर मागे पडत होते. हा फरक नेहमीच इतका ठळक दिसत नाही, पण दिसला तर त्याकडे काणाडोळा करू नये. मी खोदून विचारत गेले तेव्हा समजले की, इतरांना उकडत असताना त्यांना गारठा वाटत असे, त्वचा कोरडी पडली होती, पोट साफ होत नव्हते आणि आवाजही घोगरा झाला होता. यातले काहीच त्यांनी कोणाला सांगितले नव्हते, कारण पूर्वी छातीत धडधडते म्हणून त्या एका डॉक्टरांकडे गेल्या असता, त्यांनी फायलीवरचे आजाराचे नाव वाचून "टेन्शन घेऊ नका" एवढेच सांगून त्यांना परत पाठवले होते. मानसिक विकाराचे निदान झालेल्या माणसाची प्रत्येक शारीरिक तक्रार मनाच्या खात्यावर टाकण्याची ही सवय फार घातक आहे. बायपोलर विकार असलेल्या लोकांचे आयुर्मान सर्वसाधारण लोकांपेक्षा कमी असते आणि त्यामागे आत्महत्येबरोबरच हृदयरोगासारख्या शारीरिक आजारांचाही मोठा वाटा असतो, हे घरच्यांना मी स्पष्टपणे सांगते, कारण हे आजार वेळीच ओळखता येतात आणि त्यांवर उपचारही होतात.

दुसऱ्या भेटीत त्यांनी खाली मान घालून सांगितले की, रात्रीची गोळी त्या काही दिवसांपासून अर्धीच घेत होत्या. मी त्यांना बोल लावला नाही. वाढणाऱ्या वजनाने कातावलेल्या माणसाला असे करावेसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र औषध मनाने कमी केले किंवा एकदम सोडले तर उन्माद किंवा नैराश्य उलटण्याची शक्यता वाढते आणि लिथियम अचानक थांबवल्यास आत्महत्येचा धोकाही वाढतो, हे मी त्यांना नीट समजावले. औषध कमी करायचे की बदलायचे, हा निर्णय मनोविकारतज्ज्ञांचा. आपली तक्रार त्यांच्यापर्यंत पूर्ण पोहोचवणे हे आपले काम. म्हणून आम्ही दोघींनी बसून एका कागदावर झोपेच्या वेळा, थकव्याची वेळ, वजन, कंबरेचा घेर आणि अर्ध्या केलेल्या गोळीची गोष्ट असे सारे लिहून काढले.

तो कागद वाचून तज्ज्ञांनी तपासण्या सांगितल्या. लिथियममुळे थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावू शकते आणि त्याची लक्षणे नैराश्यासारखीच दिसतात. त्यांचे टीएसएच, म्हणजे थायरॉइडचे काम मंदावले की रक्तात वाढणारे संप्रेरक, वाढलेले निघाले. लिथियम बंद करावे लागले नाही, थायरॉइडची उणीव भरून काढणारी थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली. रक्तातील साखर मात्र मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. ओलान्झापाइनने भूक आणि वजन वाढते, हे सर्वज्ञात असल्याने तज्ज्ञांनी ते औषध टप्प्याटप्प्याने बदलले.

याच सुमारास गुडघा दुखतो म्हणून त्या दुकानातून आयबुप्रोफेन आणून घेत असल्याचे निघाले. या प्रकारच्या वेदनाशामकांमुळे रक्तातील लिथियमची पातळी वाढून विषबाधा होऊ शकते. जुलाब, उलट्या किंवा अतिघामाने शरीरातील पाणी कमी झाले तरी हाच धोका असतो. हात जोरात थरथरणे, बोलणे अडखळणे, चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. लिथियम घेणाऱ्या प्रत्येकाने हे पाठच करून ठेवावे, असे मला कळकळीने वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमानाविषयी २६ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आहे. तिच्यात शरीर, मन, नातेसंबंध आणि परिसर अशा चारही अंगांची विचारपूस होते. त्यांनी ती भरली तेव्हा मनाच्या भागात त्यांची उत्तरे बरी होती. शरीराच्या भागात ती खूपच खाली गेली होती. यजमानांनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि नंतर पहिल्यांदाच पत्नीला विचारले, "तुला नेमकं कुठे दमायला होतं?" त्यानंतर जेवणानंतरचे थोडे चालणे आणि रोज ठरलेल्या वेळी उठणे त्या दोघांनी मिळून सुरू केले. वजन अगदी हळू उतरले, पण दुपारची झोप काही महिन्यांत ओसरली.

असाच प्रश्न घेऊन बसलेल्यांनी गोळी सोडण्याआधी पुढच्या भेटीत तज्ज्ञांना थेट विचारावे की, माझे वजन, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल शेवटचे कधी तपासले गेले. लिथियम चालू असेल तर त्याची रक्तातील पातळी, मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम यांचीही चौकशी करावी. पातळीसाठी रक्त शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांनी देतात, म्हणून सकाळची गोळी असल्यास ती रक्त दिल्यावरच घ्यावी.