चाल कोणाची?

प्रश्न : गणपतीत घरी नातेवाईक जमले असताना मी प्रत्येकाला आवडता संगीतकार विचारला, तर उत्तरादाखल लताबाई, आशाबाई, भीमसेनजी अशी गायकांचीच नावे आली. माझी मुलगी म्हणाली, "संगीतकार ऐकू येतोच कुठे?" तिला काय सांगावे?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपल्या मुलीचा प्रश्न रास्त आहे. गायकाचा आवाज कानावर थेट पडतो, कवीचे शब्द ओठांवर बसतात, आणि ज्याने त्या दोघांची गाठ घालून दिली तो मात्र नावानिशी आठवत नाही. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे २०२३ मध्ये राज्यगीत झाले. ते शाहीर साबळे यांनी गायले हे बहुतेकांना माहीत असते, राजा बढे यांनी लिहिले हेही पुष्कळांना माहीत असते. पण त्याची चाल श्रीनिवास खळे यांची आहे, हे सांगावे लागते. याच खळ्यांनी 'नीज माझ्या नंदलाला' या अंगाईची चाल बांधली. एकाच माणसाला डफावरची ललकारी आणि पाळण्याची दोरी या दोन्हींची लय नेमकी सापडते, हे लक्षात आले की संगीतकार ऐकू येऊ लागतो.

मुलीला मंगेश पाडगावकरांचे 'श्रावणात घननिळा बरसला' शांतपणे ऐकवा. भावगीतात सहसा पहिल्या अंतऱ्याला जी चाल असते, तीच पुढच्या कडव्यांना चालवून नेतात, आणि त्यात गैर काही नाही. खळ्यांनी मात्र येथे कडव्यागणिक चाल बदलली आहे. हे काम दिसते त्याहून फार अवघड आहे, कारण प्रत्येक कडवे वेगळ्या वाटेने गेले तरी शेवटी त्याला त्याच ध्रुवपदाच्या दाराशी यावे लागते, आणि ते येणे ओढूनताणून आणल्यासारखे वाटता कामा नये. प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ संपताना लताबाई मुखड्यावर कशा येतात, तेवढाच भाग दोनतीनदा ऐकावा. गळा त्यांचा आहे. वाट खळ्यांनी आखलेली आहे.

परळच्या चाळीत आम्हाला पेटी शिकवणारे गुरुजी कोणतेही गाणे शिकवण्यापूर्वी त्याचे शब्द काढून घेत आणि ते नुसत्या 'आ'कारात, म्हणजे फक्त 'आ' म्हणत, गायला लावत. लहानपणी त्याचा फार कंटाळा येई. पुढे कळले की शब्द आणि ओळखीचा आवाज बाजूला केल्यावर जे उरते, तेच संगीतकाराचे असते. घरी हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

प्रश्न : मी व्हायोलिन शिकतो. 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' हे माझे आवडते गाणे मोझार्टवरून घेतले आहे, असे कळल्यापासून मन खट्टू झाले आहे. याला चोरी म्हणावे का?
— एक विद्यार्थी, चेंबूर

उत्तर : मी म्हणणार नाही. या गाण्याचे संगीतकार सलील चौधरी यांचे बालपण आसामातील चहाच्या मळ्यांत गेले. तेथे डॉक्टर असलेल्या वडिलांजवळ पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका होत्या आणि त्या ऐकतच ते वाढले. त्यामुळे मोझार्ट त्यांना परका नव्हता. १९६१ च्या 'छाया' या चित्रपटातील या गाण्याच्या मुखड्याला त्यांनी जी सुरावट घेतली, ती मोझार्टने १७८८ मध्ये लिहिलेल्या ४० व्या सिंफनीच्या, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेच्या, आरंभाची आहे.

आपल्या हाताशी वाद्य आहे, तेव्हा ती स्वतः वाजवून पाहा. पेटीची पांढरी पाच ही पट्टी षड्ज धरली, तर कोमल धैवतावरून पंचमावर उतरणारा एक छोटा उसासा तीनदा येतो आणि तिसऱ्या खेपेस पंचमावरून थेट वरच्या कोमल गंधारावर झेप जाते. केवळ तीन स्वरांत अवघी बेचैनी उभी राहते. मूळ रचनेत व्हायोलिने ही चाल सुरू करण्याच्या क्षणभर आधीच व्हायोलांची, म्हणजे व्हायोलिनच्या थोरल्या भावंडांची, कुजबुज चालू झालेली असते, जणू दार उघडण्यापूर्वीच आत कोणी बोलत आहे. एवढे कानांत साठवून मग तलत महमूद आणि लताबाई यांचे गाणे ऐका, आणि अंतऱ्यात सलीलदा ते कोणत्या दिशेला वळवतात ते पाहा. उसनवारी केली हे मान्य करावे आणि ऋण मोकळेपणाने सांगावे, एवढा माझा आग्रह आहे. शक्य झाल्यास नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात जाऊन एखादी सिंफनी प्रत्यक्ष ऐकावी. इतक्या व्हायोलिनांचे गज एकाच वेळी एकाच दिशेने जाताना पाहणे, हे आपल्यासारख्या विद्यार्थ्यासाठी मोठे शिक्षण आहे.

प्रश्न : मन खचले असता आपण स्वतः कोणती रचना ऐकता?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : तुकोबांचा 'भेटी लागी जीवा' हा अभंग, चाल पुन्हा खळ्यांचीच आणि गायन लताबाईंचे. त्यात पौर्णिमेच्या चंद्राकडे डोळे लावून बसलेला चकोर आहे, दिवाळीला माहेरच्या मुळाची, म्हणजे न्यायला येणाऱ्या माणसाची, वाट पाहणारी लेक आहे, आणि आईसाठी रडणारे भुकेले मूल आहे. तिघेही केवळ वाट पाहतात. चालही त्यांच्याबरोबर थांबते, घाई करत नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात मी रात्री रुग्णालयातून निघून परळला गाडीत बसलो की हा अभंग लावत असे. तो संपेपर्यंत दादर आणि माटुंगा मागे पडलेले असत, आणि कुर्ला येईपर्यंत मी तो पुन्हा एकदा लावत असे.