वाचक विचारतात : यॉट-मास्टर रोज घालावं का?

प्रश्न : रोलेक्सचं यॉट-मास्टर ४० हे मनगटी घड्याळ घेतलं आहे, स्टीलचं, प्लॅटिनमच्या बेझलचं (तबकडीभोवतीचं फिरतं कडं). रोज ऑफिसला घालावं, की खास प्रसंगांपुरतं ठेवावं?

उत्तर : रोज घाला. १९९२ साली यॉट-मास्टर पहिल्यांदा आलं ते सोन्यात. तुमच्याकडचा स्टील-प्लॅटिनमचा, म्हणजे रोलेसियम प्रकार १९९९चा. तेव्हापासून त्याला निम्मं दागिना आणि निम्मं अवजार समजलं जातं, पण आतली यंत्रणा रोजच्या घड्याळाचीच आहे. २०१९पासूनच्या ४० मिलिमीटर मॉडेलमध्ये ३२३५ हे यंत्र असतं. पूर्ण चावी भरलेली असेल तर ते साधारण ७० तास चालतं. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलं तरी सोमवारी सकाळी चालू सापडतं. त्याआधीच्या ३१३५ची मजल ४८ तासांची, म्हणजे ते रविवारी संध्याकाळीच थांबेल.

थांबलेलं घड्याळ झटकून सुरू करण्याची सवय मात्र सोडा. झटकल्याने काटे हलायला लागतात, पण मेनस्प्रिंग, म्हणजे घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग, जवळजवळ रिकामीच राहते आणि अशा अवस्थेत वेळ नीट लागत नाही. चावीचे, म्हणजे घड्याळाच्या बाजूच्या गुंडीचे, आटे सोडवून ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने निदान २५ वेळा फिरवा, मग वेळ लावा. खुर्चीत बसून दिवस काढणाऱ्यांचा हात कमी हलतो. त्यांचं घड्याळ रोज रात्री काढल्यावर मागे पडत असेल, तर आठवड्यातून एकदा अशी चावी द्यावी.

प्रश्न : तबकडीवर १०० मीटर लिहिलं आहे, पण ओळखीचे म्हणतात की हात धुण्यापलीकडे पाणी नको. पोहताना हात जोरात मारला की दाब कितीतरी वाढतो म्हणे. खरं काय?

उत्तर : दाबाचा हा समज फार पसरलेला आहे आणि साध्या हिशेबात टिकत नाही. हात पाण्यात सेकंदाला ५ मीटर वेगाने गेला, तरी त्यामुळे वाढणारा दाब सव्वा मीटर खोल पाण्याइतकाच असतो. १०० मीटरच्या घड्याळाला तो जाणवतही नाही. सगळं ठीक असलेलं यॉट-मास्टर घालून खुशाल पोहा.

पाणी शिरतं ते दुसऱ्याच कारणांनी. पहिलं कारण म्हणजे चावी. सकाळी तारीख लावली, चावी आत ढकलली, पण आटे आवळायचे राहिले, असं बऱ्याचदा होतं. आवळताना चावी आत दाबा आणि आधी अर्धा फेरा उलटा फिरवा. आटे जुळल्याचा बारीक खटका बोटांना लागला की मग सुलटी फिरवा. सुरुवातीलाच अडखळली तर जोर लावू नका, पुन्हा सोडवून जुळवा. तिरपे आटे चढले की चावी आणि केसमधली (घड्याळाच्या धातूच्या डब्यातली) नळी दोन्ही बदलावी लागतात. घट्ट बसेपर्यंतच आवळायचं. त्यापुढची ताकद गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, चेंगरते.

दुसरं कारण म्हणजे ही गॅस्केटंच. रबर वयाने कडक होतं, घड्याळ वापरा वा न वापरा. म्हणून पाण्यात नेहमी जाणाऱ्या घड्याळाची दाबचाचणी वर्षातून एकदा करून घ्यावी. ती काही मिनिटांचं काम असते आणि त्यासाठी घड्याळ उघडावं लागत नाही.

तिसरं कारण उष्णता. सौना, वाफेची खोली, गरम पाण्याचा टब इथे घड्याळ नकोच. धातू, काच आणि रबर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, आणि तिथून लगेच गार पाण्यात उतरलं तर आतली हवा आकसून ओल आत ओढली जाते. साबणाच्या पाण्याने रोज आंघोळ घालणंही टाळा. फेस कड्यांच्या फटीत बसून राहतो.

समुद्रातून आल्यावर चावी बंद असल्याची खात्री करून घड्याळ साध्या, गार पाण्याखाली धरा आणि बेझल दोन-तीन पूर्ण फेरे फिरवा. खालचं मीठ आणि वाळू निघाली नाही तर बेझल काही महिन्यांत जड होतं. रोलेक्सचं ९०४एल स्टील क्लोराइडला चांगलं तोंड देतं, पण पट्ट्याच्या सांध्यांत खारं पाणी वाळत ठेवणं त्यालाही मानवत नाही.

काचेच्या आत धुकं दिसलं तर वाट पाहू नका. चावी उघडून 'वाळवायला' ठेवलं तर बाहेरची दमट हवाच आत जाते. लगेच दुरुस्तीला द्या. खारं पाणी असेल तर एका दिवसानेही फरक पडतो, कारण गंज आधी काट्यांच्या दांड्यांवर आणि चावीच्या कांडीवर धरतो.

प्रश्न : माझं बेझल दोन्ही बाजूंना फिरतं. मित्राच्या डायव्हिंग घड्याळाचं एकाच बाजूला. माझ्यात बिघाड आहे का?

उत्तर : नाही, दोघांची कामं वेगळी आहेत. पाणबुड्याचं बेझल चुकून धक्का लागून सरकलं, तर त्याने पाण्याखाली घालवलेली वेळ जास्तच दिसावी, कमी नव्हे; म्हणून ते एकदिशा असतं. यॉट-मास्टरचं बेझल शिडाच्या बोटींच्या शर्यतीच्या विचाराने केलेलं आहे आणि तिथे झटपट पुढे-मागे करता येणं सोयीचं. शर्यतीच्या नियमांनुसार इशाऱ्याचा संकेत सुरुवातीच्या ५ मिनिटं आधी होतो. त्या क्षणी बेझलवरचा त्रिकोण मिनिटकाट्याच्या ५ मिनिटं पुढे ठेवायचा. काटा तिथे पोचला की सुरुवात. बैठक किंवा परीक्षा किती वेळात संपायची हेही असंच लावता येतं. बेझल दोन्ही बाजूंना सरकतं म्हणून खोल पाण्यातल्या डायव्हिंगला मात्र हे घड्याळ वेळ मोजायला वापरू नये.

प्रश्न : पट्ट्याच्या मधल्या चकचकीत कड्यांवर सहा महिन्यांतच ओरखडे आले. पॉलिश करून घ्यावं का?

उत्तर : आत्ता नको. पॉलिश म्हणजे धातू घासून काढणं. दोन-चार वेळा केलं की केसचे कोपरे गोल आणि बारीक होतात, आणि गेलेला धातू परत येत नाही. मोठ्या सर्व्हिसच्या वेळी, तेही हवंच असेल तर, एकदा करावं. घरी टूथपेस्ट किंवा धातू चमकवायचं कापड वापरलं, तर बाजूच्या मॅट कड्या डागाळतात आणि घड्याळ आणखी जुनं दिसतं.

बेझलबद्दल जास्त जपा. प्लॅटिनम स्टीलपेक्षा मऊ असतं आणि त्यावरचे आकडे उठावाचे चकचकीत, तर मागची जमीन रवाळ असते. ही दोन पोतं हाताने पॉलिश करून टिकत नाहीत. खोल घाव पडला तर बेझल बदलणं हाच मार्ग.

ओरखडे सर्वात जास्त क्लॅस्पवर, म्हणजे पट्ट्याच्या खटक्यावर, येतात, लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर मनगट टेकल्याने. टेबलावर कापडी किंवा चामडी पॅड ठेवला तर निम्मं दुखणं जातं. पण खरं सांगायचं तर ओरखडे निरुपद्रवी असतात. सैल पट्टा त्याहून वाईट: कड्या एकमेकींवर घासत राहतात, मधली धूळ आणि घाम मिळून पॉलिशपेस्टचं काम करतात, आणि काही वर्षांनी पट्टा आडवा धरला की लोंबतो. घड्याळ मनगटाच्या हाडामागे राहावं आणि पट्ट्याखाली करंगळी जेमतेम जावी, इतकं पुरे. उन्हात हात फुगला तर क्लॅस्पमधली ईझीलिंक कडी उघडा. ५ मिलिमीटर जागा मिळते. महिन्यातून एकदा कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रशने कड्यांच्या मागच्या बाजू घासा.

प्रश्न : ऑयस्टरफ्लेक्स, म्हणजे रोलेक्सचा काळा लवचिक पट्टा, मोठा होतो. कापून लहान करता येईल का?

उत्तर : कात्री लावू नका. २०१५मध्ये आलेल्या या पट्ट्याच्या काळ्या आवरणाखाली टायटॅनियम-निकेल मिश्रधातूची पाती असते. पट्ट्या वेगवेगळ्या लांबीत मिळतात, योग्य जोडी बदलून घ्या.

प्रश्न : १५ वर्षांचं यॉट-मास्टर. तारीख रात्री बदलू नये असं ऐकलं. आणि आता ते अचानक दिवसाला मिनिटभर पुढे जातं.

उत्तर : तुमच्या घड्याळात ३१३५ हे जुनं यंत्र असणार. त्यात रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात झटपट तारीख बदलू नका. तारखेचे दाते तेव्हा गुंतलेले असतात. आधी काटे फिरवून ६ वर आणा, मग तारीख.

अचानक पुढे जाण्याचा पहिला संशय चुंबकत्वावर घ्या. टॅबलेटचं कव्हर, स्पीकर, बॅगेची चुंबकी कडी यांच्याजवळ ठेवल्याने असं होतं. साध्या होकायंत्राजवळ घड्याळ फिरवून बघा. सुई ओढली गेली तर चुंबकत्व काढून घ्या, ते काही सेकंदांचं काम आहे. सुई हललीच नाही, किंवा चुंबकत्व काढूनही फरक पडला नाही, तर घड्याळ उघडावं लागेल. रोलेक्स साधारण १० वर्षांनी सर्व्हिस सुचवतं. तुमची अजून झाली नसेल तर आता सर्व्हिसच करा, आणि देताना 'केस पॉलिश करू नये' असं पावतीवर लिहून घ्या.