लॅबवाले स्वतःच्या कॅमेऱ्यात कोणता रोल भरतात

आजोबांचा पेंटॅक्स के-१००० दुरुस्त होऊन हातात आलाय, त्यात पहिला रोल कोणता भरू, आणि दिवसभर दुसऱ्यांचे रोल धुणारे लॅबवाले स्वतः काय वापरतात, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात आहे, म्हणून दुसऱ्यापासून सुरुवात करतो. उत्तर लांबेल, पण विषय माझ्या फार जवळचा आहे.

मी १९९४ ते २००९ अशी पंधरा वर्षं पुण्यातल्या एका कलर लॅबमध्ये काढली. आधी प्रोसेसरवर, म्हणजे रोल धुणाऱ्या मशिनवर, मग प्रिंटरवर, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर फोटो छापणाऱ्या मशिनवर. आता घरी ब्लॅक अँड व्हाइट धुतो आणि शनिवार-रविवार एका छोट्या लॅबमध्ये मदतीला जातो. तिथली मुलं वयाने माझ्या निम्मी आहेत, पण चहाच्या वेळी विषय तोच निघतो: तुझा रोल कुठला? इतकी वर्षं या प्रश्नाची उत्तरं ऐकून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. लॅबमधला माणूस ज्या मशिनसमोर उभा असतो, त्या मशिनला जी फिल्म त्रास देत नाही आणि गिऱ्हाइकाच्या चुका पोटात घालते, तीच त्याची लाडकी होते. फोटो किती देखणा येतो, हे त्याच्यासाठी दुसऱ्या नंबरवर.

प्रोसेसरवरच्या माणसाचं बघा. कलर निगेटिव्हची सी-४१ प्रोसेस १९७२ पासून चालत आली आहे. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं केमिकल, ३७.८ अंशांवर, वेळ ३ मिनिटं १५ सेकंद. कोडॅक असो, फुजी असो, तेव्हाची कोनिका असो, १०० आयएसओची असो की ८०० ची (आकडा जितका मोठा, तितका कमी उजेड फिल्मला पुरतो), सगळ्यांना एकच डेव्हलपर आणि एकच वेळ. त्यामुळे त्याला रंगांशी फारसं देणंघेणं नसतं. डबीत गेलेलं रोलचं तोंड बाहेर ओढायचं, ते लीडर कार्डला, म्हणजे फिल्म मशिनमधून ओढून नेणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीला, चिकटवायचं, आणि सुकून आलेली पट्टी सपाट निघाली की तो खूश. त्याची आवडती फिल्म विचाराल तर जी गुंडाळी होत नाही ती.

आणि नावडती? सिनेमाची. शूटिंगमध्ये उरलेली फिल्म डबीत भरून स्वस्तात वापरणारे मुंबईकडे पूर्वीपासून आहेत, आता पुण्यातही आहेत. या फिल्मच्या पाठीवर रेमजेट नावाचा काजळीचा काळा थर असतो. सिनेमाच्या ईसीएन-२ प्रोसेसमध्ये तो आधीच धुऊन काढतात. आमच्या मशिनमध्ये तो सुटून केमिकलमध्येच मिसळतो. एकदा एका गिऱ्हाइकाने न सांगता असा रोल दिला. त्याच्यामागून गेलेल्या तीन रोलवर काळे ठिपके आले, त्यातला एक बारशाचा होता. टाक्या रिकाम्या करून रोलर घासण्यात आमची रात्र गेली, पण त्या बाळाचं बारसं काही परत घेता येणार नव्हतं. म्हणून हात जोडून सांगतो, कोडॅकच्या व्हिजन३ या सिनेमाच्या फिल्मची ५००टी किंवा २५०डी कुठून मिळाली आणि वापरलीत, तर काउंटरवर आधी सांगा. सिनेस्टिलची ८००टी ही मुळात ५००टीच, पण रेमजेट आधीच काढलेली, त्यामुळे ती सी-४१ मध्ये बिनधास्त चालते. आरपार गेलेला उजेड परत उसळू न देणं हे त्या काळ्या थराचं एक काम असतं. तो नसल्यामुळे दिव्यांभोवती लाल वलय उमटतं. गणपतीतली रोषणाई टिपायला आमच्या स्कॅनरवरच्या मुलाला हीच फिल्म लागते.

मी सर्वांत जास्त रमलो ते प्रिंटरवर. तेव्हाच्या ऑप्टिकल प्रिंटरवर एकेक निगेटिव्ह समोर यायची. तिच्या नारिंगी मास्कमधून, म्हणजे कलर निगेटिव्हला मुळातच असलेल्या नारिंगी छटेतून, मूळ रंग ओळखायचे आणि यलो, मॅजेंटा, सायन, डेन्सिटी अशी बटणं दाबायची. मशिन आपलं सरासरी काढणार: सगळी फ्रेम मिसळली तर करडा रंग यावा, या हिशोबाने. नवरीचा हिरवा शालू अर्धी फ्रेम व्यापून बसला की मशिनला वाटतं उजेडच हिरवा आहे. ते हिरवा कापतं आणि सगळ्या वऱ्हाडाचे चेहरे जांभळट करून ठेवतं. ते होऊ न देणं हेच आमचं काम. नवीन असताना मी उलटी चूक केली. हळदीची फ्रेम आली, पिवळीधमक दिसली, म्हणून मी पिवळा काढून टाकला. प्रिंट अगदी स्वच्छ आली, चेहरा गोरापान. संध्याकाळी नवरीची आई अल्बम घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, आमची हळद कुठे गेली?" आमच्या मुख्य प्रिंटरने मला ओरडण्याऐवजी शेजारी बसवलं. हळद लागण्याआधीची, त्याच मांडवातली फ्रेम काढली, तिच्यावर बटणांचे आकडे ठरवले आणि तेच आकडे न बदलता हळदीच्या फ्रेमला लावले. हळद परत आली. रंग दुरुस्त करायला बसताना तिथे खरंच कोणता रंग होता ते आधी शोधायचं, हे मी त्या दिवशी शिकलो.

कोडॅक गोल्ड २०० वर माझा जीव बसला तो याच कामातून. लग्नाचा फोटोग्राफर फ्लॅश घेऊन कधी नवरीच्या नाकाशी, तर कधी मांडवाच्या टोकाला. एकाच रोलमध्ये दोन स्टॉप जास्त उजेड पडलेली फ्रेम आणि एक स्टॉप कमी पडलेली फ्रेम शेजारी शेजारी (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). गोल्ड दोन्ही झेलायची. जास्त उजेडाची तर छान यायची, कमीची जराशी मातकट, पण द्यायच्या लायकीची. शिवाय तिचा कल उबदार, पिवळ्याकडे. आपल्या गव्हाळ, सावळ्या कातडीवर तो शोभतो. फुजीच्या सुपीरिया हिरव्याकडे झुकायच्या. पावसाळ्यात कोकणात जाणारे त्या मुद्दाम मागायचे, आणि मला त्यांचं पटायचं. कोनिका माझ्या वरिष्ठांची लाडकी होती. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये फोटोच्या धंद्यातून बाहेर पडायचं जाहीर केलं तेव्हा त्यांनी उरलेले रोल घरच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवले. गोल्ड मात्र टिकली, आणि २०२२ पासून ती १२० मध्येही, म्हणजे मोठ्या फ्रेमच्या कॅमेऱ्यांच्या रुंद रोलमध्येही, मिळते.

आज स्कॅनरवर बसणाऱ्यांना विचाराल तर बहुतेक जण कोडॅकची पोर्ट्रा ४०० म्हणतील. त्यांच्या बाजूने ते बरोबरच आहे. पोर्ट्रा स्कॅन केली की फारसं काही करावं लागत नाही, उन्हातला आणि सावलीतला चेहरा एकाच फ्रेममध्ये नीट बसतो. महाग आहे, आणि नवशिक्याने पहिल्याच रोलला एवढे पैसे घालू नयेत असं माझं मत आहे. कोडॅकच्याच एक्टार १०० बद्दल लॅबमध्ये दोन तट आहेत. कासच्या पठारावर ती फार सुंदर रंग देते, पण चेहरे लालसर करते आणि उजेड कमी पडला तर सावल्या निळ्या होतात. त्या निळ्या सावल्या सोडवताना स्कॅनरवरच्या ताई किती वेळ घालवतात, ते मी पाहिलंय. डिसेंबर २०२३ मध्ये इंग्लंडातल्या मोबर्लीच्या हारमनने, म्हणजे इलफर्डची फिल्म बनवणाऱ्यांनी, फिनिक्स २०० ही कलर फिल्म काढली. तिच्यावर नेहमीचा नारिंगी मास्कच नाही. ग्रेन (चित्रातले दाणे) मोठं, कॉन्ट्रास्ट (उजेड-सावलीतला फरक) तिखट, स्कॅन करताना घाम फुटतो. तरी आमच्या लॅबमधल्या प्रत्येकाने एकेक रोल घेतला. इतक्या वर्षांनी कोणीतरी कलर फिल्म नव्याने बनवतंय, याचाच सगळ्यांना आनंद होता.

स्लाइड फिल्मचं, म्हणजे जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट खऱ्या रंगातलं चित्र येतं तिचं, थोडक्यात सांगतो. फुजीच्या वेल्विया ५० वर टिपलेला सह्याद्रीतला पहाटेचा उजेड लाइट टेबलवर ठेवला की लॅबमधलं काम दोन मिनिटं थांबतं. पण ती अर्ध्या स्टॉपपलीकडे चूक सहन करत नाही, आणि तिची ई-६ प्रोसेस करणाऱ्या लॅब आपल्याकडे अगदी मोजक्या. फिल्म घेण्याआधी ती धुणार कोण, हे बघावं लागतं. कोडॅकच्या कोडॅक्रोम या स्लाइड फिल्मचं उदाहरण समोर आहे. तिची के-१४ प्रोसेस करणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावात होती. ३० डिसेंबर २०१० नंतर तिने रोल घेणं बंद केलं, आणि लोकांच्या कपाटांत उरलेल्या कोडॅक्रोम त्या दिवसापासून रंगीत धुता येईनाशा झाल्या. कारखान्यातून निघालेला शेवटचा कोडॅक्रोम रोल अमेरिकन फोटोग्राफर स्टीव्ह मकरी यांना दिला होता. त्यातल्या काही फ्रेम त्यांनी मुंबईत आणि राजस्थानात घेतल्या, हे आमच्या लॅबमध्ये आजही अभिमानाने सांगितलं जातं.

आता माझी स्वतःची फिल्म. आमच्या लॅबच्या मागच्या खोलीत एक काका हाताने ब्लॅक अँड व्हाइट धुवायचे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' रोलवर ते काम शिकलेले. परदेशी फिल्म सहज मिळत नव्हती त्या दिवसांची त्यांना सवय, त्यामुळे एक फ्रेम वाया गेली तरी त्यांना वाईट वाटायचं. त्यांनी मला इलफर्डची एचपी५ प्लस ही ४०० ची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म हातात दिली, ती आजतागायत सुटलेली नाही. कोडॅकची ट्राय-एक्स थोर आहे, १९५४ पासून वर्तमानपत्रवाले तिच्यावर जगले, तिच्या सावल्या जास्त गडद आणि रुबाबदार. एचपी५ त्यामानाने सपाट वाटते. पण तो सपाटपणाच मला हवा असतो, कारण मधल्या करड्या छटा भरपूर मिळतात आणि कॉन्ट्रास्ट कागदावर वाढवता येतो. सुकल्यावर ती सरळ पडून राहते, हा प्रोसेसरवरच्या दिवसांतला आग्रह.

काकांचं खरं कसब आषाढात दिसायचं. पालखी पुण्यात येते तेव्हा आभाळ भरलेलं, पाऊस, संध्याकाळ. त्यांनी एचपी५ ला १६०० समजून फोटो काढायचे आणि आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंशांवर १४ मिनिटं डेव्हलप करायचं. साध्या ४०० ला तीच वेळ साडेसात मिनिटं. ओल्या घोंगड्या, भिजलेली पताका, टाळ धरलेले हात, सगळं निगेटिव्हवर उतरलेलं असायचं. आणि वैशाखात २० अंश कुठून आणायचे? नळाचं पाणीच तिशीला टेकलेलं. घमेल्यात बर्फ, त्यात डेव्हलपरची बाटली, थर्मामीटर आत, आणि काटा २० वर आला की झपाट्याने काम. मी अजून असंच करतो. वेळ कमी करून गरम पाण्यात भागवता येतं, पण पाच मिनिटांच्या खाली गेलात की डाग पडायची भीती असते.

पैसे कमी असले तर फोमापॅन या स्वस्त ब्लॅक अँड व्हाइट फिल्मकडे बघा, पण ४०० लिहिलेली फोमापॅन २०० किंवा २५० समजून वापरा, आणि ओली असताना तिला बोट लावू नका, लगेच ओरखडा पडतो. घरी धुवायची सोय नाही आणि ब्लॅक अँड व्हाइटच हवी असेल, तर इलफर्डची एक्सपी२ सुपर घ्या. ती सी-४१ मध्ये धुतली जाते, कुठलीही कलर लॅब घेईल.

तर तुमच्यासाठी: गोल्ड २०० चे दोन रोल आणि एचपी५ चा एक. पहिला गोल्डच भरा. कॅमेऱ्याची आयएसओ चकती २०० ऐवजी १०० वर ठेवा. लॅबवाल्याला रोज दिसणारी चूक म्हणजे उजेड कमी पडणं, त्यावर हा साधा उपाय आहे. के-१००० च्या मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्राला, बंद करायचं बटण नाही, म्हणून काम झालं की लेन्सला झाकण लावा, नाहीतर सेल उतरेल. रोल भरल्यावर पुढे सरकवताना डावीकडची रिवाइंडची मूठ फिरते का ते बघा. ती फिरत नसेल तर फिल्म अडकलेलीच नाही, आणि तुम्ही छत्तीस वेळा नुसतंच बटण दाबाल. काउंटरवर कोरी पट्टी परत देताना समोरच्याचा चेहरा बघण्याइतकं वाईट काम लॅबमध्ये दुसरं नाही. रोल गाडीत, काचेखाली ठेवू नका. फ्रीजमध्ये ठेवलात तर बाहेर काढून दोन तास तसाच राहू द्या आणि मगच डबी उघडा, विशेषतः पावसाळ्यात, नाहीतर फिल्मवर दव धरतं.

आणि स्कॅन मोबाइलवर आले तरी निगेटिव्ह मागून घ्या. खिडकीसमोर धरा. भोकांच्या ओळीशी फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे छापलेले दिसतील. आकडे ठळक आणि चित्र फिकट असेल तर उजेड कमी पडलाय, पुढच्या वेळी वाढवा. चित्राबरोबर आकडेही फिकट असतील तर धुण्यात काहीतरी चुकलंय. तेव्हा संकोच न करता ती पट्टी घेऊन लॅबमध्ये जा आणि दाखवा.